संपदा ग्रामीण महिला संस्था (संग्राम), सांगली : संस्थेची वाटचाल

कृष्णेच्या खोऱ्यातील सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना आरोग्यसेवेची जुनी परंपरा लाभली आहे. पाचगणीची कोरडी, थंड हवा क्षयरोग्यांना मानवते हे ध्यानात आल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे आरोग्यधामे उभी राहिली. मुंबईचे डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी सुरू केलेले बेल-एअर हे त्यांतील सर्वांत परिचित असून, ते पुढे इंडियन रेड क्रॉस सोसायटी या १९२० च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या राष्ट्रीय मदतसंस्थेच्या छत्राखाली आले. खाली सपाटीवर मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उघडले आणि कर्नाटकापर्यंतचे रुग्ण रेल्वेने मिरजेला येऊ लागले. रोग्याने काही काळ समाजापासून दूर राहावे, बरे व्हावे आणि आपल्या घरी परतावे, अशी या सेवेमागची सरळ कल्पना होती. एचआयव्हीची साथ आली तेव्हा हे गृहीतक पहिल्यांदा कोलमडले, कारण वेश्याव्यवसायातील ज्या स्त्रियांवर साथीचा पहिला आरोप ठेवला गेला त्यांना परतण्यासाठी समाजमान्य घरच नव्हते, आणि त्या ज्या वस्तीत राहत होत्या तेथे सेवा घेऊन जाण्याची तयारी फारच थोड्यांची होती. संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे पुढे आद्याक्षरांवरून ‘संग्राम’ या नावाने ओळखली गेलेली संस्था, १९९२ मध्ये सांगलीत स्थापन झाली ती या पार्श्वभूमीवर.

संस्थेच्या कामाचा प्रदेश समजून घेतल्याशिवाय तिचा इतिहास नीट उलगडत नाही. सांगली, मिरज, कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी, बेळगाव हा सलग पट्टा आहे. मधून राज्याची सीमा गेली असली तरी बाजार, सोयरिकी, तंबाखू-हळदीचे व्यवहार आणि देवस्थानांच्या जत्रा यांनी तो एकत्र बांधलेला आहे. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली ‘सोडण्याची’, म्हणजे देवीशी लग्न लावून त्यांना आयुष्यभर अविवाहित ठेवण्याची देवदासी प्रथा या पट्ट्यातील दलित आणि इतर गरीब जातींत खोल रुजलेली होती. तिच्याविरुद्धचे प्रयत्नही जुनेच आहेत. समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी खंडोबाला मुरळी सोडण्याच्या अशाच प्रथेविरुद्ध विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आवाज उठविला, मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासी प्रतिबंधक कायदा झाला, कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये नवे कायदे केले, आणि सत्तरच्या दशकापासून गडहिंग्लज-निपाणी भागात समाजवादी कार्यकर्त्यांनी देवदासींच्या परिषदा भरविल्या. या सुधारणांनी नव्या मुली सोडण्याचे प्रमाण कमी झाले. परंतु ज्या आधीच सोडल्या गेल्या होत्या, ज्यांच्या कमाईवर आई, भाऊ आणि भाच्यांचे पोट चालत होते, त्यांचे काय, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच कायद्यात नव्हते. सांगलीच्या गोकुळनगरसारख्या वेश्याव्यवसायाच्या वस्त्यांत अशा स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांच्याबरोबर नवऱ्याने टाकलेल्या, शेतमजुरीला कंटाळलेल्या, मुले वाढविण्यासाठी रोख पैशाची गरज असलेल्या स्त्रियाही तेथे होत्या, आणि या सर्वांना एकाच दुःखद कहाणीत बसविता येत नव्हते.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा निदर्शनास आला तो १९८६ मध्ये चेन्नईत, आणि तोही डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ततपासणीतून. त्यामुळे अगदी सुरुवातीपासून या स्त्रिया ‘रोगाचा साठा’ म्हणून पाहिल्या गेल्या. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली आणि शासकीय कार्यक्रमाला राष्ट्रीय स्वरूप आले. त्या कार्यक्रमाच्या भाषेत या स्त्रिया ‘अति-जोखमीचा गट’ होत्या. रुग्णालयांत केसपेपरवर लाल शेरा मारणे, खाट कोपऱ्यात सरकविणे, बाळंतपणाला हात न लावणे असे प्रकार त्या काळात महाराष्ट्रभर सर्रास चालत. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे पुढे नॅकोच्या वर्गीकरणात ‘अ’ गटात आले. ज्या जिल्ह्यात प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या गरोदर स्त्रियांपैकी शंभरात एकीहून अधिक स्त्रिया एचआयव्हीबाधित आढळत, तो जिल्हा या गटात धरला जाई. या व्याख्येत एक गोष्ट दडलेली होती, आणि संस्थेने ती लवकर ओळखली: संसर्ग वस्तीच्या हद्दीत थांबलेला नव्हता, तो गावातल्या लग्नाच्या बायकांपर्यंत पोचला होता, आणि त्यांना तर आपण जोखमीत आहोत याची सुतराम कल्पना नव्हती.

संस्थेच्या संस्थापक-सरचिटणीस मीना सरस्वती शेषू यांचे नाव संग्रामशी इतके जोडले गेले आहे की बाहेरचे वाचक संस्थेचा इतिहास म्हणजे त्यांचे चरित्र असे समजतात. हा समज अर्धाच बरोबर आहे. दिशा ठरविणारे प्रारंभीचे निर्णय त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतले यात शंका नाही. पण संस्थेचे वैशिष्ट्य घडले ते पुढे, जेव्हा निर्णय घेण्याचे काम कार्यकर्त्यांकडून वस्तीतल्या स्त्रियांकडे सरकत गेले. एड्सप्रतिबंधाचा तेव्हाचा रूढ मार्ग असा होता की प्रशिक्षित कार्यकर्त्याने वस्तीत जावे, तक्ते दाखवून रोगाची माहिती द्यावी आणि निरोधची पाकिटे वाटून परतावे. हा मार्ग गोकुळनगरात फारसा उपयोगी पडणे शक्य नव्हते. निरोध वापरायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवीत होते. गिऱ्हाईक परत गेले तर त्या दिवसाची कमाई बुडत होती. शेजारच्या खोलीतली बाई निरोधाशिवाय तयार होत असेल तर एकटीने आग्रह धरणे परवडणारे नव्हते. म्हणजे माहिती असूनही एकेकटी स्त्री काही करू शकत नव्हती. संपूर्ण वस्तीने एकमताने नियम केला तरच तो टिकणार होता, आणि असा नियम बाहेरून लादता येत नाही.

यातून ‘पीअर एज्युकेटर’ ही कल्पना वेगळ्या अर्थाने राबविली गेली. या शब्दाचा अर्थ, ज्यांना शिकवायचे त्यांच्यातलीच एक असलेली शिक्षिका. बहुतेक प्रकल्पांत ती अल्प मानधनावर निरोध वाटणारी शेवटची कडी असते. संग्राममध्ये मात्र पाकिटांचा हिशेब, नव्याने आलेल्या बाईची भेट, आजारी बाईला रुग्णालयात नेणे आणि डॉक्टरांशी वाद घालणे ही सर्व कामे याच स्त्रियांकडे आली. निरोधाचे खोके कार्यालयातून निघत, वस्तीतल्या एका घरी उतरत, आणि तेथून कोणत्या खोलीत किती पाकिटे गेली याची नोंद ठेवली जाई. ज्या खोलीची मागणी अचानक घटली तेथे जाऊन कारण विचारले जाई, कारण मागणी घटण्याचा अर्थ बाई गावी गेली, आजारी पडली किंवा तिचा ‘मालक’ अडवतो आहे, यांपैकी काही तरी असे. ‘मालक’ हा या व्यवसायातील नेहमीचा शब्द असून तो कायमच्या जोडीदारासाठी वापरला जातो. गिऱ्हाइकाशी निरोध आणि मालकाशी निरोधाशिवाय असा भेद जवळपास सर्वत्र होता, आणि संसर्गाचा मोठा धोका तेथेच होता. ही गोष्ट कोणत्याही सर्वेक्षणाआधी वस्तीतल्या शिक्षिकांना ठाऊक होती. निरोधाचा असा हिशेब म्हणजे एक प्रकारे वस्तीच्या प्रकृतीची नाडीपरीक्षाच होती.

१९९६ मध्ये या स्त्रियांनी स्वतःची संघटना स्थापन केली आणि तिचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ असे ठेवले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘व्हॅम्प’ या नावाने ओळखली जाते. त्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्यात सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांच्या प्रकल्पातून ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ उभी राहिली होती, आणि देशाच्या दोन टोकांना झालेल्या या दोन घटना पुढे राष्ट्रीय चळवळीचे दोन आधारस्तंभ ठरल्या. त्याच १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले, शेकडो स्त्रिया आणि मुली सुधारगृहांत कोंडल्या गेल्या आणि त्यांना त्यांच्या राज्यांत परत पाठविण्याची यंत्रणा कशी अपुरी आहे हे उघड झाले. ज्या वर्षी राज्याच्या राजधानीत ‘सुटका’ हा प्रश्नाचा मुख्य उपाय मानला जात होता, त्याच वर्षी सांगलीत संबंधित स्त्रिया स्वतःची संघटना उभारीत होत्या, हा योगायोग इतिहासकाराने नजरेआड करू नये.

येथे एका व्यापक संदर्भाची गरज आहे. भारतातील व्यावसायिक समाजकार्य, म्हणजे प्रशिक्षण घेऊन, वेतनावर आणि ठरावीक पद्धतीने केले जाणारे समाजकार्य, याचा उगम मुंबईत १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शर्ड यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या शिक्षणसंस्थेत मानला जातो. हीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९३७ मध्ये तिने देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, स्वातंत्र्यानंतर वैद्यकीय व मनोविकारविषयक समाजकार्याचे शिक्षण दिले, आणि १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी ‘विशेष कक्ष’ सुरू केला, ज्यात हिंसाचारग्रस्त स्त्रीला पोलीस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटते. हे कक्ष नंतर राज्य शासनाने स्वीकारले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. या सर्व परंपरेचा कणा ‘केस’ हा आहे: मदतीला आलेली व्यक्ती, तिची अडचण, तिच्या घराची पाहणी, आणि तज्ज्ञाने सुचविलेला मार्ग. ही पद्धत टाकाऊ नाही. मारहाण झालेल्या एकट्या स्त्रीला तिचा आधार मोठा असतो. परंतु जेथे पोलीस, रुग्णालय, शाळा आणि रेशन दुकान या सर्वच ठिकाणी एकाच कारणासाठी अपमान होतो, तेथे प्रत्येक अपमानाची स्वतंत्र केस करून भागत नाही. सांगलीतील प्रयोगाचे महत्त्व या ठिकाणी आहे. त्याने मदतीची गरज असलेल्या स्त्रीला केस न मानता सभासद मानले.

हा फरक ‘तंटामुक्ती’च्या बैठकांत सर्वांत स्पष्ट दिसतो. वस्तीतील अनुभवी स्त्रियांच्या या समित्या असून, घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालविणारी बाई, आणि तिच्याकडे कामाला असलेली बाई यांच्यातील पैशाचे वाद, मालकाची मारहाण, मुलाचा ताबा, उधारी असे तंटे त्यांच्यासमोर येतात. वस्तीत नवी मुलगी आली की तिची चौकशी करणे हे समितीचे काम असते. ती अल्पवयीन आहे का, तिला कोणी फसवून आणले का, तिला राहायचे आहे का, हे तिला एकटीला बाजूला घेऊन विचारले जाते. अल्पवयीन किंवा नाखूश असेल तर तिला परत पाठविण्याची व्यवस्था होते आणि आणणाऱ्याला वस्तीत थारा मिळत नाही. ही पद्धत कागदोपत्री कमी आणि तोंडी अधिक असल्याने तिच्यावर आक्षेप घेणे सोपे आहे, आणि समितीतील एखादी सभासद स्वतःच घरवाली असेल तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो, हेही मान्य केले पाहिजे. तरी वस्तीत रात्री दोन वाजता काय चालले आहे हे ज्यांना कळते त्यांनीच पहारा ठेवावा, या विचाराला उत्तर देणे अवघड आहे. स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या जागतिक आघाडीने २०१८ मध्ये सात देशांतील अशा संघटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा भारतातून सांगलीच्याच कामाची निवड झाली होती.

संस्थेला सतत तोंड द्यावे लागले ते कायद्याला. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा प्रत्यक्ष वेश्याव्यवसायाला गुन्हा ठरवीत नाही, पण त्याच्या भोवतालचे जवळपास सर्व काही गुन्हा ठरवितो: कुंटणखाना चालविणे, सार्वजनिक ठिकाणाजवळ व्यवसाय करणे, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे. चौथ्या कलमानुसार अशा कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती शिक्षेस पात्र होते. दलालांना आवरण्यासाठी केलेल्या या तरतुदीच्या कचाट्यात आईच्या पैशावर महाविद्यालयात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही सापडतो. छाप्यात पकडलेल्या प्रौढ स्त्रीला सतराव्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाते आणि तिची इच्छा काहीही असली तरी तिला एक ते तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवता येते. गुन्हेगाराला निदान जामीन असतो. ‘पीडिते’ला मात्र तोही नाही, ही या कायद्याची विलक्षण विसंगती संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे मांडली आहे.

पोलिसी छळाची नोंद आंतरराष्ट्रीय पातळीवर झाली ती २००२ मध्ये. त्या वर्षी ह्यूमन राइट्स वॉच या न्यूयॉर्कस्थित मानवाधिकार संघटनेने भारतातील एड्स कार्यकर्त्यांच्या छळावर अहवाल प्रसिद्ध केला, त्यात लखनौतील २००१ च्या अटकांबरोबर सांगली परिसरातील आणि सीमेपलीकडे निपाणीतील पीअर एज्युकेटर स्त्रियांना झालेल्या त्रासाची हकिगत होती. निरोध बाळगणे हाच व्यवसायाचा पुरावा मानून शासनाच्याच एड्स कार्यक्रमासाठी काम करणाऱ्या स्त्रियांना पोलीस मारहाण करीत होते; एका खात्याने वाटलेली वस्तू दुसरे खाते मुद्देमाल म्हणून जप्त करीत होते. याच वर्षी मीना शेषू यांना त्या संघटनेचा मानवाधिकार रक्षक पुरस्कार मिळाला.

२००५ हे वर्ष संस्थेच्या इतिहासात सर्वांत कसोटीचे ठरले. त्या वर्षी २० मे रोजी गोकुळनगरावर मोठा पोलीस छापा पडला. एका परदेशी सुटकावादी संस्थेचा त्यात पुढाकार होता. सुटकेनंतर अनेक प्रौढ स्त्रियांनी आपल्याला सुटका नको होती असे सांगितले, तर दुसऱ्या बाजूने संग्राम अल्पवयीन मुलींच्या सुटकेत अडथळा आणते असा आरोप झाला, आणि तो थेट अमेरिकी लोकप्रतिनिधीच्या पत्रापर्यंत गेला. दुसरी घटना याच काळातील आहे. अमेरिकेने २००३ मध्ये एड्सविरोधी जागतिक मदतीचा कायदा केला, तेव्हा निधी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध करणारे धोरण लेखी स्वीकारावे अशी अट घातली होती. महाराष्ट्रातील एड्सप्रतिबंधाचा काही निधी अमेरिकी विकास संस्थेमार्फत येत असल्याने ही अट सांगलीपर्यंत पोचली. ज्या स्त्रिया संस्थेच्या कामाचा कणा आहेत त्यांच्या उपजीविकेविरुद्ध लेखी भूमिका घेणे संस्थेला शक्य नव्हते, आणि तिने तो निधी नाकारला. पैशाच्या दृष्टीने हा निर्णय जड होता. मात्र संघटनेच्या सभासद स्त्रियांपुढे हा प्रश्न मांडल्यावर वेगळे उत्तर येणे संभवत नव्हते, कारण त्यांचे जगणेच कागदावर खोडून टाकण्याची ती मागणी होती. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली. परदेशी संस्थांना मात्र २०२० च्या निकालानेही तो दिलासा मिळाला नाही.

या भूमिकेला स्त्रीवादी चळवळीतूनही विरोध झाला, आणि त्याची दखल घेतल्याशिवाय हा इतिहास एकतर्फी राहील. वेश्याव्यवसाय हा जात आणि पुरुषसत्ता यांच्या जबरदस्तीचा परिपाक असून त्याला ‘काम’ म्हणणे म्हणजे त्या जबरदस्तीला प्रतिष्ठा देणे होय, असे दलित स्त्रीवादी विचारवंतांनी आग्रहाने मांडले आहे. देवदासी प्रथेचा इतिहास पाहता हा आक्षेप पोकळ म्हणता येत नाही. व्हॅम्पच्या स्त्रियांचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा व्यवहाराचे होते: आम्ही येथे कशा आलो हा प्रश्न वेगळा, आज येथे असताना मार खावा की नाही हा वेगळा. रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर या पुण्याच्या अभ्यासकांनी १४ राज्यांतील ३००० स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेले सर्वेक्षण केले आणि ते संग्रामच्या ‘कासम’ या अभ्यास व पाठपुरावा विभागामार्फत प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की अनेक स्त्रियांनी या व्यवसायाआधी घरकाम, शेतमजुरी, बांधकाम अशी कामे केली होती आणि तेथील मजुरी व छळ यांची तुलना करून त्या इकडे वळल्या होत्या. या निष्कर्षाने वाद संपला नाही, तो संपणारही नाही. पण ‘फसलेली’ आणि ‘पतित’ या दोनच साच्यांत बोलणाऱ्यांना तिसऱ्या शक्यतेचा विचार करणे भाग पडले.

दरम्यान कामाचा विस्तार होत गेला. लग्नातून झालेल्या संसर्गाच्या प्रश्नाने संस्था गावागावांत गेली आणि ग्रामीण स्त्रियांचा ‘विद्रोही महिला मंच’ उभा राहिला. नवरा एड्सने गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, जमिनीतला हिस्सा नाकारलेली तरुण विधवा हा पश्चिम महाराष्ट्रात नव्वदीच्या अखेरीस दिसू लागलेला नवा प्रश्न होता, आणि वस्तीतल्या स्त्रियांनी शिकलेले कायद्याचे ज्ञान येथे उपयोगी पडले. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी ‘मुस्कान’, मुस्लिम स्त्रियांच्या प्रश्नांसाठी ‘नजरिया’, निपाणीत मुलांच्या शिक्षणासाठी ‘मित्रा’ वसतिगृह अशी ही पालवी आहे. वस्तीतल्या स्त्रियांनी नाटकही बसविले आणि देश-परदेशांत त्याचे प्रयोग केले. रंगमंचावर घरवाली, मालक आणि त्याची लग्नाची बायको यांच्यातील व्यवहार त्या स्वतः उभा करीत.

मानसिक आरोग्याची बाजू या इतिहासात स्वतंत्र प्रकरण म्हणून आढळत नाही, आणि ती उणीव म्हणून नोंदविणे योग्य होईल. एचआयव्ही तपासणीबरोबर समुपदेशन, म्हणजे चाचणीआधी आणि नंतर व्यक्तीशी विश्वासाने बोलून तिला निर्णयासाठी तयार करणे, हे शासकीय केंद्रांत आले; त्या काळी निदान म्हणजे मृत्युदंडच वाटत असल्याने आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत विषाणूरोधक औषधे देण्यास प्रारंभ केला आणि ती टप्प्याटप्प्याने जिल्ह्यांत पोचली. त्याआधीची वर्षे मरणाची होती. अखेरच्या अवस्थेतील रुग्णांना ठेवून घेणाऱ्या थोड्या जागांत पाचगणीचे बेल-एअर होते. क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या त्या इमारतींत एचआयव्हीबाधित रुग्णांची शुश्रूषा होऊ लागली, आणि क्षय हाच एड्सच्या रुग्णांचा मोठा मारेकरी असल्याने त्या जुन्या अनुभवाचा उपयोगही झाला. एकामागून एक मैत्रिणी गेल्यावर मागे राहिलेल्या स्त्रियांच्या मनावर काय परिणाम झाला, दारूचे प्रमाण किती वाढले, झोप का उडाली, याची पद्धतशीर देखभाल मात्र एकूणच एड्स कार्यक्रमात मागे पडली. निधी निरोध आणि चाचण्यांच्या आकड्यांना बांधलेला होता. शोकाला त्यात रकाना नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरविला असला तरी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात व्यवसाय लपविल्याशिवाय बसता येईल, अशी खात्री या स्त्रियांना वाटणे हे पुढचे काम आहे.

बळी ठरलेल्या स्त्रीला मिळणाऱ्या सेवांच्या बाबतीतही असेच आहे. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०१३ मध्ये बलात्कार आणि ॲसिड हल्ला झालेल्यांसाठी ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली, केंद्राने २०१५ पासून ‘सखी’ केंद्रे उघडली. पण वेश्याव्यवसायातील स्त्रीवर बलात्कार होऊ शकतो हेच जेथे पोलीस ठाण्यात मान्य होत नव्हते तेथे योजनेपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. या बाबतीत निर्णायक वळण आले ते बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यातून. १९९९ मध्ये कलकत्त्यात झालेल्या एका स्त्रीच्या खुनाचे हे प्रकरण. २०११ मध्ये आरोपीचे अपील फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांच्या पुनर्वसनाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि तज्ज्ञ समिती नेमली. कोविडकाळातील टाळेबंदीत, २९ सप्टेंबर २०२० रोजी, याच प्रकरणात न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला, आणि महाराष्ट्राने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५००० रुपये व शाळकरी मुले असलेल्यांना आणखी २५०० रुपये जाहीर केले. वस्त्यांतील याद्या कोणाकडे आहेत, हा प्रश्न तेव्हा शासनासमोर उभा राहिला, आणि त्या बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या संघटनांकडे व एड्सप्रतिबंध प्रकल्पांकडेच होत्या.

१९ मे २०२२ च्या आदेशात न्यायमूर्ती नागेश्वर राव, गवई आणि बोपण्णा यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की लैंगिक अत्याचार झालेल्या अशा स्त्रीला इतर कोणाही पीडितेसारख्याच सर्व वैद्यकीय व कायदेशीर सुविधा मिळाल्या पाहिजेत, पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागले पाहिजे, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, आणि संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध अडकलेल्या प्रौढ स्त्रियांची पाहणी करून त्यांना सोडावे. नॅकोच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळावे, आणि त्या कार्डावर व्यवसाय सूचित करणारी कोणतीही खूण नसावी, हेही त्यात होते. निपाणी आणि सांगलीतील स्त्रियांनी वीस वर्षांपूर्वी पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांवर जे तोंडी मांडले होते, त्यातील बराचसा भाग आता आदेशाच्या परिच्छेदांत छापील स्वरूपात आला. सध्या त्या आदेशाची मराठी व कन्नड प्रत जवळ बाळगणे, ती ठाणे अंमलदारापुढे ठेवणे आणि न ऐकल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करणे हा अशा संघटनांच्या स्त्रियांपुढे खुला झालेला मार्ग आहे. १९५६ च्या कायद्यातील चौथे व सतरावे कलम मात्र अजून जसेच्या तसे पुस्तकात आहे.